जमिनीवर ठेवलं की

“...अगं आई, नुसता थेंब पडला तरी ऐकू येतंय त्याला. लाखपटीनं मोठं करतंय. आन् जमिनीवर ठेवलं की—”

एवढंच माझ्या कानावर आलं. पुढचं वाक्य पडायच्या आत गिरणीत माझ्या हाताखाली असणाऱ्या बनाबाईनं तिथनं हाक मारली, की पट्टा निसटला, आणि मला भिंत सोडून मशिनीकडं पळावं लागलं. (मी भिंतीला कान लावून उभा होतो असं कुणी समजू नये. मी भिंतीला टेकून उभा होतो. आता कान डोक्यालाच असतो, तो काढून ठेवायची सोय देवानं केलेली नाही, त्याला मी काय करणार?)

मुरूम गावाच्या कडेला माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या मागं आमचं घर, आणि आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून भिमाबाईचं घर. भिमाबाईचा मुलगा बब्रुवान लातूरला रेडिओचं काम शिकून आलेला, दूध सोसायटीत रोजंदारीवर दुधाचं फॅट काढायचा, आणि उरलेल्या वेळात पिराजीच्या भीमगीत गायन पार्टीत गिटार वाजवायचा. माणूस गुणी. पण बोलायचा हळू. शेजाऱ्याला ऐकू जावं एवढा तरी आवाज माणसानं ठेवावा, ही रीत त्याला ठाऊक नव्हती. त्यामुळं मला भिंतीला टेकावं लागायचं.

ते शहाऐंशी साल होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, दळला होता, आता रोजगार हमीचे गहू दळत होतो. गव्हात खडे असायचे, तेही दळत होतो. पाऊस दोन वर्षं आमच्याकडं फिरकला नव्हता. टँकर यायचा तो वाटेत निम्मा सांडून. द्वारकाबाई (म्हणजे आमचं कुटुंब) मला सकाळी एक तांब्या पाणी द्यायची आणि म्हणायची, “ह्याच्यात तोंड धुवा, आन् उरलं तर आंघोळ करा.” गिरणीवाल्या माणसाच्या अंगावर पीठ बसतं, त्यावर घाम येतो. चैत्रातल्या उन्हात माझ्या पाठीवर चांगली कणीक मळून निघायची. नुसतं वळून तव्यावर टाकायचं राहिलं होतं.

अशा वर्षी थेंब, जमीन आणि लाखपट हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर माणसाला काय वाटेल? मला तेच वाटलं. बब्रुवाननं जमिनीखालचं पाणी ऐकायचं यंत्र केलंय.

हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. फक्त बनाबाईला सांगितलं, कारण ती समोर होती. आणि सांगितलं तेही जपून. “बब्रुवान काहीतरी करतोय, आणि मला वाटतं ते पाण्याचं असावं,” असं. ‘मला वाटतं’ आणि ‘असावं’ हे शब्द मी मुद्दाम घातले होते. पण गिरणी चालू असताना गुपित सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं, आणि त्या घरघरीत बारके शब्द आधी गळून पडतात. डबा घेऊन रांगेत बसलेल्या बायकांपर्यंत ‘बब्रुवान’ आणि ‘पाणी’ एवढंच पोचलं. मधलं ज्यानं त्यानं आपापल्या घरचं घातलं.

संध्याकाळी मी एक निमित्त काढून बब्रुवानकडं गेलो. (निमित्त पक्कडीचं होतं. माझ्याकडं तीन पकडी आहेत.)

तो ओसरीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात जेवणाचा जर्मनचा (म्हणजे ॲल्युमिनियमचा) डबा, त्यात वायरींचा गुंता, आणि झाकणावर जुन्या टेबललॅम्पचं दाबायचं बटण.

“माझा डबा हाय तो,” भिमाबाई आतनं म्हणाली. “कामावर भाकरी फडक्यात बांधून नेतोय, आन् डब्यात तारा.”

“बब्रुवान, काय करतोस?” मी सहज विचारलं.

“गिटारीचं पेडल हाय, मामा.” त्यानं चिमट्यात धरून एक काळी वस्तू दाखवली. चिंचोक्याएवढी, आठ पायांची. “ही खरी करामत. ऑप-अँप म्हणत्यात. सोलापुरात हुडकून हुडकून एकच गावला.”

“हे काय करतं?”

“ह्याला दोन कान हायत. एक सुलटा, एक उलटा. दोन्ही कानांत सारखंच आलं तर हा गप. पण दोहोंत जरा फरक आला, की तेवढा फरक धरतो आन् लाखपटीनं मोठा करून बाहेर टाकतो.”

मला ते लगेच समजलं. मी घरी एक सांगतो, शेजारीण दुसरं सांगते, आणि द्वारकाबाई त्यातला फरक धरून जे काही बाहेर टाकते, ते मी रोजच ऐकतो.

“आन् ह्याला खायला काय लागतं?”

“कानानं काहीच खात न्हाय, नुसतं ऐकतो. म्हणून तर गिटारीचा बारका आवाज ह्याच्यापाशी येऊन मरत न्हाय. ताकद सगळी ह्या नऊ व्होल्टच्या बॅटरीची.”

“पण लाखपट म्हणजे लई झालं की.”

“लईच. कामाचं न्हाय ते. म्हणून ही वायर.” त्यानं एका पायापासनं निघून दुसऱ्या पायाकडं वळलेली तार दाखवली. “बाहेर पडलेल्या आवाजातला थोडा वाटा परत त्याच्याच उलट्या कानात घालायचा. आपण किती बोललो ते आपल्यालाच ऐकू आलं, की माणूस आवरतो. तसं. किती वाटा परत घालायचा ते ह्या दोन रेझिस्टन्सवर ठरतं. मग दहापट म्हटलं तर दहापट, शंभरपट म्हटलं तर शंभरपट.”

“आणि ती वायर तुटली तर?”

“तर माशी बसली तरी बोंब. बॅटरी पुरंल तितकी.” तो माझ्याकडं बघत म्हणाला, “काही माणसांना ही वायर बसवायची राहूनच गेलेली असती, मामा.”

“खरंय,” मी म्हणालो. “आमची बनाबाई बघ.”

आत भिमाबाईला ठसका लागला.

मग त्यानं मला छताचं सांगितलं. आवाज म्हणजे लाट. ती वर जाते, खाली जाते. बॅटरीला मधोमध वाटून लाटेला साडेचारवर बसवायचं, म्हणजे झोपाळ्यासारखी तिला दोन्हीकडं जागा राहते. पण बॅटरीच्या वर लाट जाऊच शकत नाही. ते तिचं छत. लाट छतावर आदळली की शेंडा सपाट कापला जातो, आणि शेंडा कापलेली लाट गोड वाजत नाही, करकरते. ते छत आणखी खाली ओढायला त्यानं दोन बारके डायोड एकमेकांकडं पाठ करून बसवले होते.

“म्हणजे एवढा खटाटोप करून आवाज बिघडवायचा?” मी विचारलं. बिघडलेला आवाज आमची गिरणी फुकटात काढते.

“बिघडवायचा, पण आपल्याला पायजे तसा.” त्याचा चेहरा जरा बारका झाला. “उमरग्याच्या गिटारवाल्याकडं इकत घेतलेलं पेडल हाय. पिराजीदादा म्हणाले, उद्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात तसला आवाज तुझ्याकडनं निघाला तर ठीक. न्हायतर पुढच्या कार्यक्रमापासनं त्याला बोलवू. उद्या सांच्यापतोर हे नीट राहिलं पायजे, मामा. दुसरा ऑप-अँप न्हाय, दुसरी बॅटरी न्हाय.”

“पण हे जमिनीवर कशाला ठेवायचं?” मी मुद्द्यावर आलो.

“पायानं दाबाया. हात गिटारीवर असत्यात न्हवं.”

मी मनात हसलो. एवढी अक्कल, एवढ्या वायरी, सोलापूरची खेप, आणि म्हणे पायानं दाबायला. सबंध वेळ पाण्याचं नाव काढलं नाही त्यानं. ज्या वर्षी माणूस झोपेतही पाण्यावर बोलतो, त्या वर्षी जो पाण्याचं नाव काढत नाही, तो नक्की काहीतरी लपवतोय. मी त्याची पक्कड घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जयंतीच्या दिवशीच, माझी गोष्ट मला परत भेटली. मी दाढीला गेलो होतो. न्हाव्यानं मला सांगितलं, की बब्रुवानकडं अमेरिकेचं यंत्र आलंय, अडीचशे फुटांवरचं पाणी ऐकू येतं, आणि खारं की गोडं तेही कळतं. मी चाट पडलो. मला एवढं ठाऊक नव्हतं. मी तर शेजारी, आणि माझ्याआधी न्हाव्याला खबर. मला वाटलं, मी अर्धंच ऐकलं होतं, हे पुढचं अर्धं असणार. माझाच आवाज माझ्या सुलट्या कानातनं आत आला, आणि मी तो नवा म्हणून ठेवून घेतला.

त्यामुळं दुपारी दूध सोसायटीचे चेअरमन तात्याराव गिरणीत आले तेव्हा मी तयारच होतो. त्यांच्याबरोबर महांतप्पा पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, तो उभा राहिला की तिथं पाणी, ही महांतप्पांची विद्या. सोसायटीचे दोन बोअर त्यांच्या नारळानं घेतलेले. दोन्हींतनं धूळ निघाली. ते म्हणायचे, पाणी होतं, बोअरची गाडी बघून सरकलं.

“दगडोबा,” तात्याराव म्हणाले, “उद्या तिसऱ्या बोअरची गाडी येतीय. ह्या वक्ताला जर पाणी लागलं न्हाय, तर जनरल बॉडीत मला लोक खुर्चीसकट बाहीर काढतील. तुमी शेजारी. खरं काय हाय?”

इथं मी ‘गिटारीचं पेडल’ असं म्हणालो असतो, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण चेअरमन आपल्या गिरणीत आलाय, उभ्या उभ्या आपल्याला विचारतोय, असा योग आयुष्यात कितीदा येतो?

“पोरगं कबूल करत न्हाय,” मी आवाज खाली आणला. “पण हाय.”

“अडीचशे फूट म्हणत्यात.”

“जास्तच असंल.”

महांतप्पांनी नारळ पिशवीत घातला.

बब्रुवान अंगणात तालीम करत होता. माझ्याच गिरणीतनं वायर ओढून अँप्लिफायर लावला होता, कर्णा बाहेर खांबाला बांधला होता. तात्याराव गेले, त्यांच्यामागं सोसायटीची माणसं, त्यांच्यामागं गल्ली.

“बब्रुवान, ते यंत्र आण.”

“तात्या, ते गिटारीचं हाय.”

“मग गिटार ठेव जमिनीवर.”

बब्रुवाननं गिटार गळ्यातनं काढली. चेअरमनकीचा तो फायदा असतो.

“तात्या, कार्यक्रम हाय सांच्याला. बॅटरी एकच हाय, ती—”

“सोसायटीत तू अजून रोजंदारीवरच हायस न्हवं?” तात्याराव अगदी मायेनं म्हणाले. “बघू या की आता तुझं.”

बब्रुवाननं डबा पुढं ओढला. मग त्यानं हळूच विचारलं, “तुमाला हे सांगितलं कुणी?”

मी वर बघायला लागलो. त्या वर्षी कुणीही केव्हाही वर बघायचं, त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

त्याच्या गिटारीच्या पोटाला टेलिफोनच्या रिसीव्हरातली चकती सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं चिकटवलेली होती. लाकडाला जे कळेल ते चकतीला कळायचं, चकतीचं डब्याला, डब्याचं कर्ण्याला. माझी गिरणी बंद करायला लावली. गिटार उताणी जमिनीवर ठेवली. जमलेली सगळी माणसं उकिडवी बसली, श्वास धरून. बब्रुवाननं देवाकडं नाही, माझ्याकडं बघून डब्यावर पाय ठेवला.

कर्ण्यातनं आधी घूं असा आवाज आला. मग एक कोंबडी चालत गेली, ती पोलिसांची तुकडी गेल्यासारखी ऐकू आली. महांतप्पा खोकले, तर ट्रकमधनं खडी ओतल्यासारखं झालं आणि मागच्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. यंत्रात दम होता. बब्रुवान गिटार उचलून पुढं ठेवायचा, आम्ही सगळे उकिडवेच पुढं सरकायचो. सोसायटीच्या वाटेला काही नाही. पिंपळाखाली काही नाही. तात्यारावांचा चेहरा उतरत चालला.

“आमच्या भिंतीकडं बघ की,” मी म्हणालो. (हो, मीच म्हणालो.)

गिटार आमच्या सैपाकघराच्या भिंतीला लागली.

टप्.

महांतप्पांचा हात पिशवीकडं गेला.

टप्.

“पाणी,” तात्याराव म्हणाले.

महांतप्पांनी पिशवीतनं घाईनं नारळ काढून तळहातावर ठेवला. नारळ ताडकन उभा राहिला. “म्या तवापासनं म्हणतोय,” ते म्हणाले, “दगडोबाच्या घराखाली हाय म्हणून.”

माझी छाती फुगली. मुरूमचं पाणी माझ्या घराखाली. बोअरला नाव माझं लागेल. टँकर बंद. द्वारकाबाई मला रोज घंगाळं भरून ऊन पाणी काढून देईल आणि पाठ चोळेल, इतक्या लांबपर्यंत मी दोन ‘टप्’च्या मधल्या वेळात पोचलो होतो.

“आत चला,” मी म्हणालो. वायर घरात पोचेल इतकी लांब होती, हे माझं नशीब.

चुलीपाशी द्वारकाबाई सरपणाच्या ढिगाला पाठ लावून उभी होती. तिच्याशेजारी भिमाबाई. दोघींनी पदर असे पसरले होते, की मागचं लाकूड दिसू नये.

“अवं, एवढी माणसं सैपाकघरात कशाला?” द्वारकाबाई म्हणाली.

“पाणी लागलंय.”

“कुठं?”

“तुझ्या चुलीपाशी.”

“इथं काही न्हाय.”

गिटार खाली ठेवली. बाहेर कर्ण्यातनं साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. टप्. टप्. टप्.

“मामा, ऱ्हाऊ द्या आता,” बब्रुवान माझा हात धरून म्हणाला. “मला वाटतंय ते पाणी जमिनीतलं न्हाय.”

“तू गप. तुला यंत्रातलं कळतं, पाण्यातलं न्हाय,” मी म्हणालो, आणि द्वारकाबाईला म्हणालो, “सरक बाजूला. सोसायटीचं काम हाय.” आणि माझ्या ह्या दोन हातांनी मी सरपण बाजूला केलं.

मागं जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण. त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं. फडक्यावर वाळू घातलेली घागर, बुडाला बारकं भोक. टँकरचं गढूळ पाणी वाळूतनं निथळून रांजणात पडत होतं. स्वच्छ, गार. टप्.

आता बोलत होता तो कर्णा.

“दगडोबा,” तात्याराव म्हणाले, “घरात रांजण भरून पाणी, आन् गाव टँकरमागं पळतंय?”

“मला ठाऊक न्हवतं,” मी म्हणालो. त्या दोन दिवसांत मी बोललेलं पहिलं संपूर्ण खरं वाक्य, आणि त्यावर एकाही माणसाचा विश्वास बसला नाही.

“त्यांना खरंच ठाऊक न्हवतं,” भिमाबाई पुढं झाली. “आजच्या कार्यक्रमाला बाहीरगावची माणसं येणार. त्यांना प्यायला पाणी, च्या पायजे का नगं? म्हणून सगळ्या गल्लीनं घोट घोट काढून साठवलंय. कुणी कळशी, कुणी तांब्या. बनाबाईनंबी घातलंय.”

“बनाबाईनं?” मी म्हणालो. “बनाबाईला ठाऊक होतं?”

“सगळ्यांना ठाऊक होतं.”

“माझ्या घरात, माझ्या चुलीमागं, आणि मला सांगितलं न्हाय?”

तात्यारावांसकट सगळी माणसं नुसती माझ्याकडं बघत राहिली. टप्.

“तुमच्या आंघुळीचंबी त्याच्यातच हाय,” द्वारकाबाई हळूच म्हणाली, जणू त्यानं मला बरं वाटावं.

इतक्यात महांतप्पा म्हणाले, “घोटभर मिळंल का?” चैत्रातली दुपार, म्हातारा माणूस, आणि समोर गार पाणी. दारात आलेल्याला नाही म्हणायची सोय नसते. द्वारकाबाईनं तांब्या बुडवला. महांतप्पा प्याले. मग तात्यारावांना न देऊन चालेना. मग सोसायटीचे डायरेक्टर. मग डायरेक्टरांना दिलं आणि आम्हाला का नाही, म्हणून बाकीचे. तांब्या खाली जात गेला आणि शेवटी रांजणाच्या बुडावर खण्णकन वाजला. तोही कर्ण्यानं गावाला सांगितला.

भिमाबाईनं तात्यारावांकडं बघितलं. “तात्या, सांच्याला पावण्यांना काय पाजू?”

तात्यारावांच्या मिशा अजून ओल्या होत्या. सगळी गल्ली त्या मिशांकडं बघत होती. “सोसायटीच्या टाकीतनं दोन कॅन पाठवतो,” ते म्हणाले, आणि जाताना मला म्हणाले, “दगडोबा, तुमी गिरणीच चालवा.”

पाण्याचं तर निभावलं. (कॅन दुधाचे होते. त्या दिवशीच्या चहाला दूध घातलं नव्हतं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.) पण सगळे गेल्यावर बब्रुवाननं डबा उघडला, मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या आणि तसाच बसून राहिला.

“काय झालं?”

“उतरली. येवढा वेळ चालू, आन् तेबी तुमच्या चुलीपाशी.”

जयंतीची सुट्टी, दुकानं बंद, आणि असली चौकोनी बॅटरी मुरूमात उघड्या दुकानातही मिळत नव्हती. मी धावत जाऊन माझ्या टॉर्चमधले तीन सेल आणून दिले. त्यानं तेही मोजले.

“मामा, हे तुमच्याहून थकल्यात.”

त्याला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मला तिथनं उठवेना. चूक झाली असं म्हणावं, तर ते म्हणायलाही माणसाला हळू बोलता यायला पाहिजे. मी त्याची पक्कड परत दिली.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलेलं. मी मागं खांबाच्या आडोशाला उभा. पिराजीनं पहिलं गाणं उचललं, ढोलकी घुमली, आणि कडव्याच्या शेवटी त्यानं बब्रुवानकडं मान वळवली. बब्रुवाननं डब्यावर पाय ठेवला.

जो आवाज आला, तो त्यानं तालमीत काढला होता तो नव्हताच. फाटका, खरखरीत, घशातनं ओढून काढल्यासारखा. गिरणीत गव्हाबरोबर खिळा गेला की जसं होतं, पण सुरात. बब्रुवानचा चेहरा पडला. पिराजी मधेच थांबला. मी डोळे मिटून घेतले.

मग पिराजीनं हात वर करून गोल फिरवला. पुन्हा.

बब्रुवाननं पुन्हा वाजवलं. कुठनं तरी शिट्टी आली, मग दुसरी, मग सगळं मैदान उठलं. उमरग्याचा गिटारवाला आपलं विकतचं पेडल घेऊन ऐकायला आला होता. तो उठून पुढं आला आणि वाकून वाकून त्या जर्मनच्या डब्याकडं बघायला लागला.

“बॅटरी उतरली म्हणजे छत खाली आलं, मामा,” बब्रुवाननं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याचा सगळा चेहरा हसत होता. “लाटेचे शेंडे लवकर कापले गेले. पिराजीदादा म्हणाले, हाच आवाज पायजे. आता नवी बॅटरी आणली तर शिव्या देतील.”

बॅटरी उतरली कुणामुळं, हे मी त्याला विचारलं नाही. पण गिरणीत आलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

सोसायटीची बोअरची गाडी आली आणि पिंपळाखाली खोदून गेली. पाणी लागलं, थोडंसं. महांतप्पा म्हणाले, नारळ तिथंही उभा राहणार होता, पण त्यांनी तो दगडोबाच्या घरी वापरून टाकला होता.

मग एके दिवशी मी भिंतीला टेकलो होतो. (सवय असते माणसाला.) पलीकडं पिराजी आला होता. तो म्हणत होता, “...डब्यावर मामाचंच नाव टाक. त्यांच्याशिवाय दुसरं नावच शोभणार न्हाय. कारण—” आणि बनाबाईनं हाक मारली, की पट्टा निसटला.

मला पुढचं ऐकायची गरजही वाटली नाही. मी पट्टा चढवला आणि बनाबाईला ओरडून सांगितलं. येरमाळ्याला पार्टीचा पुढचा कार्यक्रम होता. द्वारकाबाईनं त्या दिवशी मला दोन तांबे पाणी दिलं. सत्कारच असेल म्हणून मी धुतलेली टोपी घातली, एसटीनं गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो.

गाणं रंगात आलं. पिराजीनं माईकवरनंच मान वळवली आणि म्हणाला, “बब्रुवान, मामाला दाब.”

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागं गेलो आणि बब्रुवानला त्या ‘कारण’च्या पुढचं विचारलं. तो आधी नको नको म्हणाला. मग म्हणाला, “पिराजीदादांचं म्हणणं, मामा, की दोघांचं सारखंच हाय. बारकं घालावं, तर लाखपटीनं बाहेर येतंय. आन् गप करायचं म्हटलं, तर पायच द्यावा लागतोय.”

गिरणीत कुणी विचारलं तर मी अजून सांगतो, की नाव माझंच आहे, आणि ते खोटं नाही. डब्याच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक लिहिलंय, ‘दगडूमामा’. बटणाच्या बरोबर वर. म्हणजे अंधारात पाय दुसरीकडं पडायला नको.